मराठी वाङ्मयातील हेडमास्तर

मराठी वाङ्मयात मास्तर उदंड आहेत. प्रेमळ आहेत, विक्षिप्त आहेत, छडीवाले आहेत, ध्येयवेडे आहेत. आणि पहिल्या तारखेकडे डोळे लावून बसलेले तर आहेतच आहेत. हेडमास्तर मात्र शोधावा लागतो. सापडला तरी तो बहुधा एका प्रसंगापुरता येतो. ऑफिसच्या दारात उभा राहतो, चष्म्यावरून पाहतो, दोन वाक्ये बोलतो आणि जातो. ज्या माणसाच्या हातात पाचशे मुलांचे वेळापत्रक, वीस मास्तरांची मने आणि एका इमारतीच्या किल्ल्या असतात, त्याच्यावर आमच्या कथा-कादंबऱ्यांनी इतकी थोडी शाई खर्च करावी याचे मला नवल वाटते.

नवल वाटायला कारण आहे. मी नगर जिल्ह्यात एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण एस. टी. च्या फलाटावर अजून सगळे ‘नगर’च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. शिक्षणाने मी मॅट्रिक. त्यावर चित्रकलेची परीक्षा देऊन मास्तर झालो, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. चित्रकलेच्या मास्तराला एक सोय असते. गणिताच्या मास्तराला दोन-तीन वर्ग दिसतात; आम्ही पाचवीपासून साऱ्या तुकड्या हिंडतो. शिवाय परीक्षा जवळ आली की पहिला बळी जातो तो चित्रकलेच्या तासाचा. त्यामुळे शाळेचा कारभार कोणत्या दिशेने चालला आहे याचा पत्ता आम्हांला इतरांच्या आधी लागतो. हेडमास्तर बदलला की तीच मुले, तेच मास्तर, तेच गळके पत्रे. पण महिन्याभरात शाळेचा आवाज बदलतो, आणि दोन-तीन वर्षांनी निकालही बदलतो. नोकरीत मी हे तीनदा पाहिले. हा बदल कसा घडतो हे आमच्या साहित्याने कधी सांगितले आहे काय, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम सर्वांच्या लाडक्या मास्तरांकडे जाऊ. पु. ल. देशपांडे यांचे ‘व्यक्ती आणि वल्ली’ 1962 साली प्रसिद्ध झाले आणि त्यातले चितळे मास्तर घराघरात जाऊन बसले. शाळेच्या वेळेबाहेरही पैशाची अपेक्षा न ठेवता मुलांना शिकवणारा आणि झिजलेल्या वहाणांनी गाव तुडवणारा हा मास्तर वाचताना आजही डोळे भरून येतात. रेखाचित्र म्हणून त्यात बोट ठेवायला जागा नाही. परंतु मास्तरकीच्या धंद्यातला मनुष्य ते वाचतो तेव्हा त्याच्या मनात एक वेगळाच विचार येतो. चितळे मास्तरांना हेडमास्तर असला काय आणि नसला काय, काही फरक पडत नाही. त्यांचे शिकवणे त्यांच्या स्वभावातून आले आहे. वेळापत्रक, तपासणी आणि पगार यांवर ते अवलंबून नाही. असा मास्तर शाळेला लाभतो. तो घडवता येत नाही. आणि बारा मास्तरांच्या शाळेत एक चितळे मास्तर असले तर उरलेल्या अकरांचे काय, हा प्रश्न त्या सुंदर लेखाच्या कक्षेबाहेरच राहतो. खरे पाहता हेडमास्तराचा सारा धंदा त्या अकरांशी असतो.

पु. लं.ना दोष देण्याचा यात हेतू नाही. त्यांनी व्यक्ती रंगवली, शाळा रंगवण्याचे त्यांनी ठरवलेच नव्हते. दोष असला तर आम्हां वाचकांचा आहे. एका थोर मास्तराचे चित्र पाहून आम्ही अशी समजूत करून घेतली की शिक्षण म्हणजे मास्तराचे प्रेम. प्रेम असले की मूल शिकते, नसले की बिघडते. शाळा नावाची जी एक रचना असते, जिच्यामुळे मध्यम कुवतीचा मास्तरही बरे शिकवू लागतो किंवा चांगला मास्तरही पाच वर्षांत विझून जातो, ती रचना आमच्या नजरेत येतच नाही.

दुसरे पुस्तक व्यंकटेश माडगूळकर यांचे ‘बनगरवाडी’ (1955). इथे हेडमास्तर वेगळा नाहीच. शाळा एका मास्तराची; राजाराम हाच मास्तर आणि हाच मुख्य. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, बंद पडलेली शाळा आणि कोवळ्या वयाचा मास्तर. माडगूळकरांनी जाणते-अजाणतेपणी शाळा चालवण्याविषयीचे एक फार मोठे सत्य या कादंबरीत सांगून ठेवले आहे. शाळा मास्तराच्या शिकवण्याने भरत नाही. कारभाऱ्याने शब्द टाकला म्हणून पोरे येतात. म्हणजे शाळेचा पहिला खांब गावाचा विश्वास. तो विश्वास मिळवण्यासाठी मास्तर गावाची पत्रे लिहितो, तंट्यांत पडतो, तालीम बांधायला निघतो. पुढे दुष्काळ पडतो, वाडी ओस होते आणि शाळाही उठते.

कादंबरी म्हणून ‘बनगरवाडी’ अव्वल आहे. पण तिच्यातून एक गोष्ट निसटते. पोरे शाळेत आली, पुढे काय? कोणते मूल वाचायला शिकले, कोणाचा हिशेब पक्का झाला, कोण मागे राहिले आणि मास्तराने त्याचे काय केले, याविषयी पुस्तक फारसे बोलत नाही. वाडीची गोष्ट सांगता सांगता फळ्यासमोरची गोष्ट मागे पडली. आणि हे केवळ एका पुस्तकाचे नाही. खेड्यातल्या शाळेवर लिहिताना आमची लेखणी चावडीवर रमते, वर्गात जायला कंटाळते.

नगर जिल्ह्यातल्या वाचकाला बनगरवाडीचा शेवट परका वाटणार नाही. हा दिवाळी अंक आपल्या हाती पडेल त्याच सुमारास पाथर्डी-शेवगावाकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडलेली असतील. सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या जिल्ह्यात 1950 च्या सुमारास प्रवरेच्या काठी घातला गेला, त्याच जिल्ह्याच्या दुष्काळी टोकाकडून तोडणीला माणसे जातात. बिऱ्हाडाबरोबर पोरेही जातात. दिवाळीनंतर शाळा उघडते तेव्हा काही बाक रिकामे असतात. अशा मुलांना आजी-आजोबांपाशी मागे ठेवून त्यांच्या जेवणाखाण्याची सोय करणारी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण योजना कागदावर असते, आणि मूल ट्रॉलीवर चढायच्या बेतात असते. या दोहोंच्या मध्ये हेडमास्तर उभा असतो. तो दसऱ्याच्या आधी घरोघर गेला, आईबापांशी बोलला, वसतिगृहाचा कागद वेळेवर पाठवला, तर बाक भरलेला राहतो. दिवाळीनंतर हजेरीपटावर ‘स्थलांतरित’ असा शेरा लिहून तो मोकळा झाला, तर त्या मुलाची इयत्ता गेली. अभ्यासातली प्रगती म्हणतात ती पुष्कळदा अशा एका फेरीवर ठरते. अशी फेरी कोणा कादंबरीत आली असेल तर ती मला वाचायला आवडेल.

आता शहराकडे वळू. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (2004) ही नववीतल्या मुकुंद जोशीच्या डोळ्यांनी पाहिलेली, आणीबाणीच्या काळातली शाळा आहे. तिच्यात मुख्याध्यापक आहेत, अप्पा. त्या वयाच्या मुलाला हेडमास्तर जसा दिसायचा तसेच ते दिसतात: दूरचे, दबदब्याचे, काहीतरी बिघडले म्हणजे ज्यांच्यापुढे उभे राहावे लागते असे. निवेदन मुलाचे असल्यामुळे हे योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा की हेडमास्तर म्हणजे शिक्षेचे ठिकाण, हे आमच्या मनातले जुने चित्र आणखी घट्ट झाले. मुलाच्या बाकावरून ऑफिसचे दार दिसते, आतली खटपट दिसत नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दहावी फ’ (2002) या चित्रपटाने मात्र या दाराला हात घातला, असे मला वाटते. मागे पडलेल्या मुलांची ‘फ’ तुकडी, तिची होणारी हेटाळणी, त्यातून उसळलेला राग आणि त्या मुलांच्या पाठीशी उभा राहिलेला एक शिक्षक अशी ती गोष्ट आहे. प्रेक्षक त्या शिक्षकावर प्रेम करून घरी जातात. मी घरी आलो तो दुसराच प्रश्न घेऊन. ही ‘फ’ तुकडी केली कोणी? मुलांना गुणांच्या क्रमाने अ पासून फ पर्यंत मांडायचे, आणि चांगले मास्तर अ ला द्यायचे की फ ला, हे कोण ठरवतो? जून महिन्यात वेळापत्रकाच्या एका कागदावर हा निर्णय होतो आणि त्यावर सही हेडमास्तराची असते. वर्गातला भला शिक्षक वर्षभर जी आग विझवत बसतो ती पुष्कळदा जूनमध्येच लावलेली असते. चित्रपट या प्रश्नापर्यंत आपल्याला आणून सोडतो, हे त्याचे मोठेपण मी मानतो.

एवढे वाचून कोणी म्हणेल, हेडमास्तराचे एवढे कौतुक कशाला? शिकवतो तर मास्तर! हे खरेच आहे. जगभरच्या अभ्यासकांनीही वर्गातले शिकवणे हेच पहिल्या क्रमांकाचे मानले आहे. शाळेच्या प्रमुखाचा क्रमांक त्याच्या खालोखाल येतो. पण हा दुसरा क्रमांक पहिल्यातून काम करतो, हे ध्यानात घ्यावे. हेडमास्तर मुलाला थेट हुशार करत नाही. तो मास्तराचा वेळ वाचवतो किंवा खातो, हुरूप वाढवतो किंवा मारतो, आणि ते मुलाच्या प्रगतिपुस्तकात उतरते.

यासंबंधी 1939 साली प्रसिद्ध झालेला एक गाजलेला प्रयोग आहे. अमेरिकेत आयोवा येथे कुर्ट लेविन आणि त्याचे सहकारी लिपिट व व्हाइट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळे केली आणि त्यांना मुखवटे वगैरे करण्याचे काम दिले. प्रमुख तीन तऱ्हांचे: एक हुकूम सोडणारा, एक मुलांशी विचारविनिमय करून काम नेमणारा आणि एक सगळे मुलांवर सोडून स्वस्थ बसणारा. तिसऱ्याच्या मंडळात काम थोडे झाले, हे सांगायला प्रयोगाची गरज नव्हती. हुकूमवाल्याच्या मंडळात काम भरपूर झाले. मग प्रमुख मुद्दाम खोलीबाहेर गेले. हुकूमवाल्याच्या मंडळातले काम झपाट्याने ढेपाळले. विचारविनिमयवाल्याच्या मंडळातले जवळजवळ तसेच चालू राहिले.

मास्तरकीत वीस-बावीस वर्षे काढलेल्या माणसाला हे वाचून हसू येते. मी एका शाळेत असे एक हेडमास्तर पाहिले की त्यांच्या मोटरसायकलचा आवाज आला की पाचशे मुले चिडीचूप होत. पाहुणे शिस्तीची वाखाणणी करीत. पण साहेब तालुक्याला मीटिंगला गेले की मास्तरसुद्धा वर्गाबाहेर येऊन उन्हात उभे राहत. दुसऱ्या एका शाळेतल्या हेडमास्तरांनी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास एक उपक्रम सुरू केला. एका मास्तराने बाकीच्यांना आपला धडा शिकवून दाखवायचा आणि इतरांनी खोट काढायची. पहिल्या शनिवारी खडू घेऊन ते स्वतः उभे राहिले, अपूर्णांक शिकवले आणि आम्हांला म्हणाले, “आता सांगा, कुठे फसलो?” त्यांची भाषणे कोणाला आठवत नाहीत. पण ते रजेवर असले तरी तास चुकत नसे.

पुढे वाचनात आले की न्यूझीलंडच्या विवियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचा ताळा मांडला, तेव्हा नेमके हेच निघाले. नुसती प्रेरणा देणाऱ्या प्रमुखापेक्षा शिकवण्यात लक्ष घालणाऱ्या प्रमुखाचा मुलांच्या अभ्यासावरचा परिणाम तीन-चार पट अधिक. आणि त्यातही सर्वांत मोठा परिणाम, जो प्रमुख शिक्षकांबरोबर स्वतः शिकायला बसतो त्याचा. आमचे साहित्य मात्र अजून प्रेरणेवरच थांबले आहे.

नगरच्या माणसाला यात नवे काही वाटू नये. सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या बाई 1839 पासून नगरात होत्या. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, आणि सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे फरारबाईंपाशी घेतले, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे पुण्यात मुलींच्या शाळेची धुरा वाहणारी बाई आधी शिकवायला शिकली आणि मग प्रमुख झाली. याच जोतीरावांनी 1882 साली हंटर आयोगापुढे शिक्षक शिकून तयार झालेले असावेत असा आग्रह धरला, आणि निकाल पाहून अनुदान देण्याची पद्धत गरीब, अशिक्षित समाजात शिक्षण रुजवायला उपयोगाची नाही, असेही बजावले. निकालाच्या फलकाने दिपून जाणाऱ्या आम्हां मंडळींनी हे आठवावे.

अलीकडची उदाहरणेही जिल्ह्यातच आहेत. पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीच्या गावकऱ्यांनी शाळा उभारली. तिच्या मंजुरीसाठी 1980 साली अण्णा हजारे यांना उपोषण करावे लागले. पुढे त्या शाळेची आणि वसतिगृहाची ख्याती झाली ती इतरत्र नापास झालेल्या मुलांना आवर्जून घेण्याबद्दल. बहुतेक शाळा निकाल राखण्यासाठी कच्चे मूल दाराबाहेर ठेवतात. इथे उलटा नियम केला. हिवरे बाजार तर एके काळी सरकारी नोकरांना शिक्षेच्या बदलीचे गाव म्हणून ओळखले जाई. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने ज्या कामांना आधी हात घातला त्यांत शाळा होती. गावाने पाठ दाखवली की शाळा पडते आणि खांदा दिला की उभी राहते, हे माडगूळकरांचे सत्य इथे पुन्हा दिसते.

मग असे हेडमास्तर मिळतात कसे? खरे सांगायचे तर आपण ते निवडतच नाही. खाजगी अनुदानित शाळांत 1981 च्या नियमावलीप्रमाणे हे पद मुख्यतः सेवाज्येष्ठतेने मिळते. कोण आधी नोकरीला लागला यावर शाळेची तऱ्हा ठरते. लहान शाळांत तर पदच नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेहून अधिक मुले असली तरच मुख्याध्यापक. वाडीवस्तीवर एका शिक्षकाकडे नुसता ‘चार्ज’ असतो. तो खिचडीचा हिशेब लिहितो, ऑनलाइन माहिती भरतो, आणि उरल्या वेळात शिकवतो. त्याच्याकडून शनिवारच्या अर्ध्या तासाची अपेक्षा करणे सोपे, त्याला तो अर्धा तास मोकळा मिळवून देणे अवघड.

इथे नाट्य नाही, असे कोण म्हणेल? एका बाजूला वरून आलेले परिपत्रक, दुसऱ्या बाजूला संस्थेचे अध्यक्ष, तिसऱ्या बाजूला रुसलेला ज्येष्ठ शिक्षक, आणि मधे ‘फ’ तुकडीतला एक मुलगा ज्याला कोणता मास्तर द्यायचा हे आज संध्याकाळपर्यंत ठरवायचे आहे. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे लेखकाची अडचण जाणतो. छडी दाखवता येते, अश्रू दाखवता येतात. वेळापत्रक दाखवणे कठीण. चांगल्या हेडमास्तराचे काम असे की ते नीट झाले तर काहीच घडले नाही असे वाटते. परंतु घरातल्या गृहिणीचे कामही असेच असते, आणि लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहून दाखवून दिले की रोजच्या संसारातूनही मोठे वाङ्मय निघते. त्या संसाराचा मोठा भाग नगरातच झाला. ऑफिसच्या दाराआडचा संसार लिहिणारे कोणी अजून यायचे आहे.

तोवर वाचकांनी आपल्यापुरते एक करावे. सहामाहीची प्रगतिपुस्तके आता घरी येतील. आकड्यांवरून मुलाला बोलण्याआधी एकदा शाळेत जावे. सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या असतात, तेव्हा विचारण्याचा हक्कही आपला आहे. दहावीचा निकाल किती टक्के लागला, हे विचारू नये. ते फाटकावर लिहिलेले असतेच. विचारावे ते असे: सगळ्यांत कच्च्या तुकडीला कोणता मास्तर दिला आहे? मास्तर एकमेकांचे तास पाहतात काय? गेल्या वर्षी दिवाळीनंतर न आलेल्या मुलांच्या घरी कोण गेले होते? आणि शेवटी, हेडमास्तर गावाला गेले असताना एखाद्या दुपारी सहज शाळेवरून चक्कर टाकावी आणि कान देऊन ऐकावे. वर्गांतून शिकवण्याचा आवाज येत असेल तर खुशाल मूल तिथे ठेवावे.